खात्री करावी

मास्तरांनी बाटली हलक्या हाताने गोल फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी गोळी होती तशीच होती. पांढरी, गोल, मधोमध एक चर. अर्ध्या तासापूर्वी अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात टाकली, तेव्हाही ती अशीच दिसत होती.

"बाई, ही गोळी नव्हे. खडा आहे," मास्तर म्हणाले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आणखी पाच मिनिटं ठेवू."

"ठेवू की. पण पोट असं थांबत बसत नाही."

पाच मिनिटांनीही काही झालं नाही. टेबलावर अशा सहा बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एका बाटलीत पाणी गढूळ होऊन तळाशी चुरा साचला होता. म्हणजे व्हायला हवं होतं तसं झालं होतं. उरलेल्या पाचांत पाणी नितळ होतं.

बाई या औषध-भांडाराच्या मुख्य फार्मासिस्ट. कर्मचारी पाठीमागे त्यांना काटेकोरबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. भांडार वेगवेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरांनी मिळून चालवलेलं. जिथे सरकारी दवाखाना पोचत नाही आणि औषधाचं दुकान चालत नाही, अशा ठिकाणी या प्रार्थनाघरांच्या आडोशाला दोन-दोन खोल्यांचे दवाखाने होते. अशा एकोणीस दवाखान्यांना इथून औषधं जात. देव वेगवेगळे असले तरी ताप सगळ्यांचा सारखाच चढतो, असं संस्थेचे वयस्कर प्रमुख म्हणत. त्यांना सगळे थोरले म्हणत.

मास्तर निवृत्त. चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आठवड्यातून दोन दिवस भांडाराच्या मागच्या खोलीत औषधं तपासायला येत. प्रत्येक नवी खेप ते तपासत, पण खेपा पुष्कळ आणि मास्तर एकटे. फिटवरच्या गोळ्यांची ही खेप येऊन चार महिने झाले होते. तिचे कागद चोख होते. "ही नंतर बघा, आधी तापाची घ्या," असं बाईंनीच सांगितलं होतं.

"कुठे कुठे गेली ही?" मास्तरांनी विचारलं.

"सगळीकडे."

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

बाई आपल्या टेबलाशी गेल्या आणि दवाखान्यांच्या पत्रांची फाइल काढली. काय शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं. पत्र सापडायला वेळ लागला नाही. नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचं, गोल, जाड अक्षरांतलं, दहा आठवड्यांपूर्वीचं. 'या खेपेच्या गोळ्यांनी फिट थांबत नाहीत. अकरापैकी सात जणांना पुन्हा सुरू झाल्या आहेत. कृपया बघावे.'

त्याला टाचून बाईंच्या उत्तराची प्रत होती. 'औषधाची कागदपत्रे योग्य आहेत. रुग्ण गोळ्या नियमित घेतात याची खात्री करावी. बहुतेक वेळा घरच्यांची हयगय हेच कारण असते.'

खाली त्यांची सही. उभी, सरळ, एकही वेलांटी न चुकलेली. हे उत्तर लिहिताना आपल्या मनात काय चाललं होतं, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. काही आठवेना. बहुधा काहीच चाललं नसावं.

दुपारपर्यंत त्यांनी जागेवरून न उठता अठरा दवाखान्यांना फोन लावले. खेपेचा क्रमांक सांगितला, गोळ्या ताबडतोब बाजूला काढायला सांगितल्या, उद्यापर्यंत दुसऱ्या पाठवतो म्हणून सांगितलं. शहरातलं एक मोठं धर्मादाय रुग्णालय दुसऱ्याच पंथाचं होतं. एरवी त्यांचं आणि भांडाराचं फारसं सख्य नव्हतं. पण तिथल्या औषधविभागाने कारण ऐकलं मात्र आणि बदली गोळ्यांची खोकी काढूनच ठेवली. प्रत्येक फोनच्या शेवटी बाई एकच प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत पेनचं टोपण मुठीत घट्ट धरत. दोन ठिकाणी फिट वाढल्याचं कळलं. दोघंही रुग्ण घरी होते, हिंडत-फिरत होते. अठराव्या फोननंतर त्यांनी मूठ उघडली, तेव्हा तळहातावर टोपणाचा वण उठला होता.

एकोणिसावा, नदीपलीकडच्या सिस्टरांचा, फोन लागत नव्हता. वादळात तिकडचा टॉवर पडला होता, आठवडा झाला.

थोरले काठी टेकत दारात येऊन उभे राहिले. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"सगळ्यांना कळवलं?"

"एक सोडून."

"आणि तुम्ही इथे कशाच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहात?"

बाईंनी पत्र आणि उत्तराची प्रत त्यांच्यापुढे केली. थोरल्यांनी ती लांब धरून वाचली. दोन्ही वाचली, परत केली.

"गाडी मागवतो," ते म्हणाले. "हे मात्र बरोबर न्या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निघाल्या. गाडी घाटापर्यंत गेली. पुढे होडी. चार खोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी पायांशी घेतली होती आणि होडी हलली की त्या आधी खोक्यांना धरत, मग काठाला. पलीकडे जाऊन काय बोलायचं, ते त्या मनात जुळवत होत्या. 'गुणवत्तेत त्रुटी आढळून आल्यामुळे' असं एक वाक्य तयार झालं. ते चांगलं होतं. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं.

वीस वर्षं त्या या दवाखान्यांना औषधं पाठवत होत्या. या दवाखान्यात त्या पहिल्यांदाच चालल्या होत्या.

दवाखाना प्रार्थनाघराच्या भिंतीला लागून होता. बाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. आत सिस्टर एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलत होत्या. साठीच्या, ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाईंनी ओळख सांगितली, तेव्हा त्यांनी मान वर केली, खोक्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा पट्टीत डोकं घातलं.

"बसा. एवढं आटोपते."

बाई बसल्या नाहीत.

"फिटच्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेच्या. त्या देऊ नका कुणाला. त्या..." जुळवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. "त्या विरघळतच नाहीत. काल कळलं."

सिस्टरांनी पट्टीची गाठ मारली, म्हाताऱ्याला पाय जमिनीवर ठेवायला मदत केली आणि तो बाहेर जाईपर्यंत थांबल्या. मग कोपऱ्यातल्या कपाटाच्या तळातून एक खोकं ओढून बाईंपुढे ठेवलं. खोक्यावर लाल पेनाने मोठी फुली होती. आत गोळ्यांची पाकिटं भरलेली होती.

"सात आठवडे झाले बंद करून," सिस्टर म्हणाल्या.

बाई आता बसल्या.

"मग रुग्ण?"

"आहेत की."

"सगळे?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कदाचित पहिल्यांदाच. मग बोटं दुमडत सांगायला लागल्या. "न्हावी ठीक आहे, वस्तरा पुन्हा हातात धरतो. शाळेतल्या बाई ठीक. जुळ्यांतली धाकटी ठीक. नावाडी, तुम्ही आलात ना ज्याच्या होडीतून, त्याची बायको, ठीक..."

अकरा झाले. अकराव्या बोटाला हात पुरेना, तेव्हा त्यांनी पहिलंच बोट पुन्हा दुमडलं. बाईंनी तोंडावर पदर धरला. रडू नव्हतं ते. काल सकाळपासून कुठेतरी अडकून राहिलेला श्वास होता, तो एकदम सुटला होता. सिस्टरांनी माठातलं पाणी आणून दिलं आणि त्या पिईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तुम्हाला कळलं कसं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यामुळेच."

"माझ्यामुळे?"

"तुमचं पत्र आलं. खरं सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली. फाडणार होते. मग वाटलं, बाई शिकलेली आहे, उगाच कशाला लिहील? खात्री करा म्हणतेय, तर करू. जवळपास राहणाऱ्या तिघांना रोज सकाळ-संध्याकाळ इथं बोलावलं. माझ्यासमोर गोळी गिळायची, आ करायचा, जीभ वर करून दाखवायची. न्हावी म्हणाला, सिस्टर, मी लोकांची डोकी भादरतो, तुम्ही माझी अब्रू भादरताय." त्या किंचित हसल्या. "पंधरा दिवस केलं. तरी तिघांनाही फिट आल्या. म्हटलं, झाली खात्री. खोट माणसांत नाही."

"आणि नंतर गोळ्या कुठून आणल्या?"

"नदीच्या वरच्या अंगाला एक दवाखाना आहे. दुसऱ्या पंथाचा. तुमच्या एकोणिसांत नाही तो. त्यांना बँडेज कमी पडतं, आम्हाला हे कमी पडलं. आमच्या देवांचं एकमेकांशी बोलणं नाही, पण कपाटांचं आहे."

बाई हसल्या. स्वतःच्या हसण्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"मला पुन्हा लिहिलं का नाहीत?"

सिस्टरांनी दुमडलेली बाही खाली केली, पुन्हा वर केली. "दोनदा बसले लिहायला. वाटलं, परत तेच उत्तर यायचं. माझे अकरा सांभाळले आणि गप्प बसले. आणखी अठरा दवाखान्यांत त्याच गोळ्या असतील, हे मनात आलं नाही असं नाही. तेवढं माझ्या माथी."

"बाकीचे ठीक आहेत," बाई घाईने म्हणाल्या. "मी सगळ्यांशी बोलले काल."

सिस्टरांनी डोळे मिटले. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं.

"एक राहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात तिला फिट आली, चुलीपाशी होती. हात भाजला. भरलाय आता. पण तिच्या आईला मी फार बोलले. तुमचं पत्र हातात होतं ना. हयगय करतेस म्हटलं. सगळ्यांदेखत. सासूही होती सोबत."

"मग नंतर सांगितलंत ना तिला, गोळ्याच..."

"धीर झाला नाही."

बाईंनी पर्समधून घडी घातलेली प्रत काढली आणि पुन्हा आत ठेवली. "किती लांब आहे घर?"

"तासाभराची चाल."

"चला."

बाकावरच्या माणसांना थांबायला सांगून सिस्टरांनी पायताण चढवलं.

*

घर एका खोलीचं, पुढे पडवी. पडवीत उजेडाला शिलाई मशीन मांडलं होतं आणि मुलीची आई शाळेच्या गणवेशांच्या बाह्या शिवत होती. आजूबाजूला निळ्या कापडाचे ढीग. मुलगी खाली बसून शिवलेल्या बाह्या उलटवत होती. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत कातडी होती. हात चांगला चालत होता. बाईंनी आधी तेच पाहिलं.

सिस्टरांना पाहून आईने मशीन थांबवलं, पण ती उठली नाही.

"गोळ्या अजून आठ दिवसांच्या आहेत, सिस्टर. सासूबाईंकडे असतात. आत धान्य निवडतायत, त्यांनाच विचारा."

"गोळ्यांचं नाही गं. या बाई भांडारातून आल्यात. जिथून औषध येतं तिथून."

तेव्हा ती उठली. स्टुलावरचे कापडाचे तुकडे झटकून तिने ते पुढे केलं आणि मशीनच्या आड उभी राहिली. मुख्याध्यापकांसमोर उभं केल्यासारखी.

"मी आता हातसुद्धा लावत नाही, बाई," ती म्हणाली. "सगळं सासूबाईच बघतात. कमरेलाच असते पिशवी त्यांच्या. त्यांनी द्यायला घेतल्यापासून एकदाही आली नाही फिट. सात आठवडे झाले. माझ्याच हातून काहीतरी..."

ती थांबली. बाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सात आठवडे. सिस्टरांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. त्यांनी खांबाला हात टेकवला.

"गोळ्या खराब होत्या," बाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"आधीच्या. तुम्ही देत होता त्या. पोटात गेल्यावर त्या विरघळतच नव्हत्या. जशा गिळल्या तशा बाहेर जायच्या. तुम्ही दिल्यात, तिने घेतल्या. तरी फिट येणारच होती. कुणीही दिल्या असत्या तरी आलीच असती."

"आणि सासूबाई देतात त्या?"

"त्या वेगळ्या," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या दवाखान्यातून आणलेल्या. मी गोळ्या बदलल्या आणि त्याच आठवड्यात तुझ्या सासूने पिशवी हातात घेतली. मी तुला सांगायला हवं होतं. उलट चारचौघांत बोलले."

"त्या बोलल्या, कारण मी तसं लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "घरच्यांची हयगय असेल, असं. तुम्हाला पाहिलं नव्हतं, गोळी तपासली नव्हती. बसल्या जागी लिहिलं. चूक माझी आहे."

बाईंनी आयुष्यात 'चूक माझी आहे' हे वाक्य फार वेळा उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर पडवीत काही कोसळलं नाही. मुलगी बाही उलटवायची थांबून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.

आई मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी होती. मग तिने दाराच्या आतल्या बाजूला बोट केलं. तिथे भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. पाच-पाचाच्या जुड्या, ओळींवर ओळी.

"गोळी दिली की रेघ मारायचे मी," ती म्हणाली. "एकही चुकली नाही. रेघ असायची आणि फिट यायची. मग मला वाटायला लागलं, मी रेघ तेवढी मारते आणि गोळी द्यायची विसरते. तसं होऊ शकतं का माणसाला? रात्र रात्र हाच विचार. आपलं डोकं फिरलंय का काय." तिने ओठ आत दाबून धरले. "म्हणून पिशवी मागितली तेव्हा देऊन टाकली मुकाट्याने. म्हटलं, पोर तरी वाचेल."

"तुम्ही एकही चुकवली नाहीत," बाई म्हणाल्या.

आईने मान हलवली. पुन्हा हलवली. मग आतल्या अंधाराकडे एकदा बघून ती हळूच म्हणाली, "बाई, परत एकदा सांगता? जरा मोठ्याने."

भांडारात बाईंचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. चढवायची गरजच पडत नसे. त्या स्टुलावरून उठून दारात उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि पटांगणात भाषण करावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "आधीच्या गोळ्या खराब होत्या. मुलीच्या आईची काही चूक नव्हती. तिने एकही गोळी चुकवली नाही."

आत धान्य पाखडायचा आवाज चालू होता, तो थांबला.

"मी काही बहिरी नाही," आतून आवाज आला. "पहिल्यांदाच ऐकलं."

शेजारच्या घरातून एक बाई डोकावून परत गेली. म्हणजे तिनेही ऐकलं होतं. सिस्टरांनी खांबावरचा हात काढला.

थोड्या वेळाने म्हातारी गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आली. तिने बाईंकडे पाहिलं नाही, सिस्टरांकडेही नाही. सरळ मशीनपाशी गेली. कमरेची गाठ सोडायला तिला वेळ लागला. गाठ जुनी होती, ओढून ओढून घट्ट झालेली. सून मदतीला पुढे झाली नाही, म्हातारीनेही मागितली नाही. शेवटी पिशवी सुटली आणि तिने ती मशीनच्या फळीवर, निळ्या बाहीशेजारी ठेवली.

"रात्रीची एक आहे. जेवण झाल्यावर," ती म्हणाली. आणि जराशाने, "तुला माहितीच आहे म्हणा."

ती आत गेली. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश.

"आई, आता तू देणार गोळी?" मुलीने विचारलं.

"हो."

आईने पुन्हा मशीनपाशी बसून पिशवी मांडीवर ठेवली, पण उघडली नाही. अर्धी राहिलेली बाही सुईखाली सरकवली, चाकाला हात लावला आणि पाय मारायला सुरुवात केली. शिवण सरळ चालली होती. टोकाला पोचल्यावर तिने दोरा दातांनी तोडला, बाही झटकून लेकीकडे टाकली आणि दुसरी घ्यायला वाकली. वाकताना तिचा खांदा हलला. ती हसत होती की काय, ते बाईंना दिसलं नाही. त्या स्टुलावर बसून राहिल्या. होडीला अजून अवकाश होता, आणि त्यांना कुणीही ऊठ म्हणत नव्हतं.